चवड्यांवरची बैठक

"उंच टाचांच्या चपला वापरता का?"

त्या दिवसात हा प्रश्न तिसऱ्यांदा आला होता. आधी काउंटरवरच्या मुलीने विचारला, मग एक्स-रे काढणाऱ्याने, आणि आता खुद्द डॉक्टरने. तोही पायाकडे न बघता, संगणकाकडे बघत. तिने टेबलाखालून आपले बूट पुढे सरकवले. जाड तळाचे, सिमेंटने पांढरट पडलेले, आणि उजव्याला अंगठ्याच्या बाजूने लिंबाएवढं भोक. ते भोक तिने स्वतःच कटरने पाडलं होतं. आतलं हाड बाहेर यायची वाट शोधत होतं, त्याला कुठेतरी जागा करून देणं भाग होतं.

"हे वापरते," ती म्हणाली. "तीस वर्षं. यात टाच कुठे सापडली तर मलाही दाखवा."

डॉक्टर हसला. तिला काही हसू आलं नाही.

फरशी बसवणं हा तिचा धंदा. वडील मिस्त्री होते, त्यांच्या हाताखाली शिकली. लेक चार वर्षांची असताना नवरा गेला, तेव्हापासून घर याच हातांवर चाललेलं. लोक तिला मिस्त्रीण म्हणत. आणि मिस्त्रीण म्हणजे मिस्त्रीची बायको असा सगळ्यांचा समज, त्यामुळे नव्या घरी कामाला गेली की मालक तिच्या खांद्यावरून मागे बघायचा आणि विचारायचा, "मिस्त्री कुठे आहेत?"

"तुमच्यासमोर उभी आहे," ती सांगायची. तीस वर्षांत हे वाक्य इतक्यांदा म्हणून झालं होतं की त्याला एक चालच लागली होती. आपण तिला मिस्त्रीच म्हणू. निदान या गोष्टीत तरी कुणी तिच्या मागे बघायला नको.

तर मिस्त्रीच्या उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर रेलला होता आणि त्याच्या मुळाशी लालभडक गाठ आली होती. वडिलांच्या पायालाही अशीच होती. गेली चार वर्षं तिने त्या गाठीकडे कानाडोळा केला. या वर्षी मात्र दुपार झाली की पाय ठणकायला लागायचा, आणि एकदा एका जिन्यात, हातात मोठी फरशी असताना, अशी कळ आली की फरशी सुटली आणि तिचे तीन तुकडे झाले. तीस वर्षांत हातातून सुटलेली पहिली फरशी. त्या दिवशी तिने दवाखान्यात जायचं कबूल केलं.

"हल्ली सगळं छोट्या छिद्रांतून होतं," डॉक्टर सांगत होता. "मोठा छेद नाही, व्रण नाही." आणि त्याने एक गुळगुळीत पुस्तिका पुढे केली. तिच्यात पायच पाय. नखं रंगवलेले, नाजूक पट्ट्यांच्या सँडलमधले, कशाचाही कण न लागलेले पाय. "तीन महिन्यांत हवी ती सँडल घालाल."

"मला सँडल नको आहे."

"अहो, समारंभात वगैरे..."

"मला सोमवारी एक स्वयंपाकघर आहे," मिस्त्री म्हणाली. "अर्धं झालंय. ते पुरं करून मोकळी होते, मग काय ते कापा."

"स्वयंपाक काही दिवस दुसऱ्या कुणाला तरी करू द्या," डॉक्टर प्रेमाने म्हणाला.

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तोंड उघडणार एवढ्यात शेजारी बसलेल्या लेकीने तिच्या कोपराला हात लावला. "आई, जाऊ दे ना. आपण विचार करून कळवू, डॉक्टर."

बाहेर आल्यावर मिस्त्रीने जिनाभर बडबड केली. एक्स-रे काढताना त्यांनी तिला आडवं झोपवलं होतं, त्याचाही राग त्यात होता. "झोपल्यावर काय, सगळेच सरळ असतात! उभी राहिले की तो अंगठा पळतो. फरशी खोक्यात असताना लेव्हल लावून बघतं का कुणी?"

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांनी तरी बघावं."

लेक एका विमा कंपनीत कामाला होती आणि तिला तक्ते करायची भारी हौस. घरात धुलाई यंत्र घेताना तक्ता, भाड्याची खोली बदलताना तक्ता. आता आईच्या अंगठ्याचा तक्ता झाला. वर चार रकाने. पहिला, गाठ नुसती तासून काढणे. दुसरा, छोट्या छिद्रांतून हाड कापून सरळ करणे. तिसरा, छेद घेऊन हाड कापणे, सरकवणे आणि स्क्रूने पक्कं करणे. चौथा, सांधा कायमचा जोडून टाकणे. खाली ओळी होत्या: दवाखान्यात किती दिवस, प्लास्टर की नाही, किती आठवडे टाचेवर चालायचं, दुखणं किती, व्रण केवढा, गाठ परत येण्याची शक्यता, बूट कधी घालता येतील. मिस्त्रीने तक्ता वाचला आणि मनातून तिला अभिमानच वाटला. रेघा अगदी दोरा ताणून आखल्यासारख्या सरळ होत्या.

दुसऱ्या रुग्णालयातले डॉक्टर वयाने मोठे होते. पांढऱ्या मिशा, हळू बोलणं. त्यांनी एक्स-रे उभं करून काढायला लावला, तेव्हाच मिस्त्रीने त्यांना मनातल्या मनात पास करून टाकलं. अर्ज भरायचा होता तो लेकीनेच भरला. अक्षरं बारीक होती आणि मिस्त्रीचा चष्मा घरी राहिला होता. मग डाव्या पायाचाही एक्स-रे हवा झाला. तो काढून मिस्त्री परत आली, तोवर डॉक्टरांचं आणि लेकीचं बोलणं आटोपलं होतं.

"सगळं मुलीला समजावून सांगितलंय," डॉक्टर म्हणाले. "सांधा जरा झिजलाय. आपण एकदाच काय तो कायमचा इलाज करून टाकू. चालेल?"

पाय माझा आणि समजावलं मुलीला, हे तिला खटकलं. पण माणूस बरा वाटला होता, एक्स-रे उभ्याने काढणारा. तिने लेकीकडे बघितलं. लेकीने मान डोलावली. घरी तक्त्यात चौथ्या रकान्याला हिरवी खूण झाली: दुखणं जातं, गाठ परत येत नाही. मिस्त्रीने सोमवारचं स्वयंपाकघर पुरं केलं, पुढची कामं धाकट्या भावाकडे सोपवली आणि तीन महिन्यांत परत येते म्हणून सगळ्यांना सांगून टाकलं. भाऊही मिस्त्रीच, पण हात जरा सैल. "ताई, तू नसताना माझ्या रेघा कोण मोडीत काढणार?" तो म्हणाला. "येते की," ती म्हणाली. "आल्यावर सगळ्या एकदम मोडीत काढते."

शस्त्रक्रियेच्या दहा दिवस आधी तपासण्यांसाठी बोलावलं होतं. रक्त झालं, छातीचा ईसीजी झाला. शेवटी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. लेक चहा आणायला गेली होती. बाई तरुण होत्या, चटपटीत होत्या, आणि दिवसातून वीसदा तेच सांगायची सवय त्यांच्या बोलण्यात दिसत होती.

"पहिले सहा आठवडे हा कडक तळाचा बूट, काकू. वजन टाचेवर. मग हळूहळू सगळं सुरू करायचं. फक्त चवड्यांवर बसणं, टाचा उचलून वाकणं, हे विसरायचं."

"किती दिवस?"

"दिवस कसले? कायमचंच. तिथे सांधा राहणारच नाही ना. हाडाला हाड जोडतात, अंगठा मुळातून वाकत नाही मग. पण चालणं-फिरणं, घरातलं काम, सगळं मस्त होतं. घाबरू नका."

मिस्त्री घाबरली नव्हती. तिला नीट ऐकू आलं की नाही तेच कळेना. तिने पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा तेच सांगितलं, या खेपेला स्वतःच्या हाताची बोटं वाकवून आणि मग ताठ करून.

आता हे समजून घ्यायला हवं की फरशी कशी बसवतात. उभ्याने बसत नाही, खुर्चीवरून बसत नाही. गुडघे टेकून थोडी बसते, पण गुडघे टेकले की माणूस तिथेच अडकतो. हात पुढे पुरत नाही आणि मागे सरकता येत नाही. आणि फरशीचं सगळं काम मागे सरकण्याचं आहे. आतल्या भिंतीपासून सुरू करायचं आणि एकेक ओळ टाकत दाराकडे यायचं. त्यासाठी चवड्यांवर उकिडवं बसावं लागतं. टाचा उचललेल्या, अंगठे मुळातून पुरते वाकलेले, सगळा भार त्यांच्यावर. त्या वाकलेल्या अंगठ्याच्या जोरावर अंग पुढे जातं, फरशी टेकवतं, रबरी हातोडा मारतं, दोऱ्याला नजर लावतं आणि वीतभर मागे सरकतं. दिवसातून पाचशे वेळा. हात शिकवता येतात, नजरही शिकवता येते, पण ही बैठक ज्याला जमत नाही त्याला वडील पहिल्याच दिवशी घरी पाठवायचे. मिस्त्रीला ती आठव्या वर्षी जमली होती.

आणि ही माणसं ती बैठक कापून टाकणार होती. इलाज म्हणून.

बाईंनी फाइल हातात दिली आणि सांगितलं की बाहेर बसा, डॉक्टर सही करतील. मिस्त्री बाकावर बसली. आज चष्मा जवळ होता. तिने फाइल उघडली. डॉक्टरांचं अक्षर देवालाही लागलं नसतं, ते तिने सोडून दिलं. पहिल्या पानावर मात्र अर्ज होता, स्वच्छ अक्षरातला. वय. पत्ता. आधीचे आजार. आणि व्यवसाय.

व्यवसाय: गृहिणी.

तिला आधी वाटलं फाइल दुसऱ्या कुणाची आहे. मग तिने अक्षर बघितलं. गृहिणीतल्या ग ची दांडी जरा सुटी, अंतर सोडून काढलेली. ते अक्षर तिनेच शिकवलं होतं. घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून लेकीला ती कामावर न्यायची. कोपऱ्यात फरशीचे कापून उरलेले तुकडे मांडून द्यायची आणि हातात खडू. ग काढताना लेक दांडी चिकटवायची आणि सगळं गिचमिड व्हायचं. तेव्हा तिने सांगितलं होतं, दोन फरश्यांत आपण सोडतो ना, तेवढं अंतर सोड. लेकीची ती सवय आजतागायत सुटली नव्हती.

लेक दोन कागदी कप सांभाळत आली. "साखर जरा जास्तच आहे, पण—"

"हे तू लिहिलंस?"

लेकीने फाइलकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. कप तिने बाकावर ठेवले, एक थोडा सांडला.

"हो."

"का?"

"आई, सवयीने गं. हात आपोआप लिहितो."

"कसली सवय?"

मिस्त्रीने वाट बघितली. सिमेंटचा ओला माल सुकायची वाट बघताना माणूस शिकतो तसं वाट बघणं तिला येत होतं.

"शाळेपासून," लेक म्हणाली. "पाचवीत अर्ज आम्हीच भरायचो. आईचा व्यवसाय. मी एकदा फरशी मिस्त्री लिहिलं तर बाईंनी खोडलं आणि म्हणाल्या, वडिलांचा नाही, आईचा लिही. सगळा वर्ग हसला. मग मी गृहिणी लिहिलं. मग दर वर्षी तेच. कॉलेजात, नोकरीत, सगळीकडे."

"बावीस वर्षं?"

"कुणी कधी विचारलंच नाही ना पुन्हा."

मिस्त्रीला वाटलं, हा कप उचलावा आणि भिंतीवर मारावा. लोकांचं सोडा. लोक खांद्यावरून मागे बघतात, त्यांचं काय घेऊन बसायचं. पण जिच्या शाळेची फी या चवड्यांवर बसून भरली, जिच्या वह्यांवर सिमेंटची बोटं उमटलेली असायची, तीही बावीस वर्षं खांद्यावरून मागेच बघत होती.

"आणि हे?" तिने आवाज खाली ठेवला, खाली ठेवला की तो जास्त धारदार व्हायचा. "अंगठा वाकणार नाही, हे तुला माहीत होतं? डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं?"

लेकीने नजर चुकवली. मग चुकवायची सोडून दिली.

"सांगितलं होतं. ते म्हणाले, घरातल्या कामाला काही अडत नाही. आणि मला वाटलं, बरंच झालं. तू ऐकणार नव्हतीस, आई. रोज संध्याकाळी तू पाय गरम पाण्यात घालून बसतेस आणि तुला वाटतं की मी बघत नाही. मला तू खुर्चीवर बसलेली बघायची आहे. मी कमावते ना आता? पुरे नाही का झालं?"

"पुरे झालं की नाही ते मी ठरवेन! माझा पाय, माझा धंदा, आणि माझ्या पाठीमागे तुम्ही दोघांनी ठरवून टाकलं, आता हिला पुरे झालं म्हणून? तुला माझी काळजी वाटते, मग मला येऊन सांगायचंस. भांडायचंस माझ्याशी. मी काय खाल्लं असतं तुला? हे असं चोरून, तक्त्यात हिरवी खूण करून... अगं, तुझ्या तक्त्यात व्रणाची लांबी आहे. आणि मी परत कामाला बसेन की नाही, त्याची ओळ नाही!"

बाकावरची माणसं आता उघड उघड बघत होती. या खेपेला लेकीने लोक बघतायत असं म्हटलं नाही. तिचे डोळे भरले होते. मिस्त्रीला ते दिसलं आणि तरी राग तसूभरही खाली आला नाही. ती उठली, चहा तिथेच राहिला, आणि डॉक्टरांच्या दारावर टकटक न करता आत शिरली.

डॉक्टर कुणाचातरी एक्स-रे उजेडात धरून बघत होते. "बसा, मी सहीच करणार होतो—"

"बसतेच," मिस्त्री म्हणाली.

तिने बूट काढले, मोजे काढले, आणि खोलीच्या मधोमध, उघड्या फरशीवर, चवड्यांवर उकिडवी बसली. उजव्या अंगठ्यातून कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली. तिने दातओठ खाल्ले, पण बैठक हलू दिली नाही. तशीच पुढे झुकली, दोन्ही हात जमिनीवर सपाट टेकवले, परत मागे आली आणि वीतभर मागे सरकली. मग बोटाच्या पेराने शेजारच्या फरशीवर टकटक केलं. भरीव. पुढची. भरीव. दाराजवळची तिसरी. तिथे आवाज पोकळ आला.

"मी हे काम करते," ती खालूनच म्हणाली. "असं बसून. दिवसाचे आठ तास. तीस वर्षं. तुमच्या इलाजानंतर मला असं बसता येईल का?"

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. "नाही," ते म्हणाले. "अजिबात नाही." मग त्यांनी फाइल ओढली, पहिलं पान बघितलं. "पण इथे तर लिहिलंय—"

"काय लिहिलंय ते मला माहीत आहे. पण त्या दिवशी मी इथे तुमच्यासमोर बसले होते. कागदाला विचारलंत, मुलीला विचारलंत. ज्या बाईचा पाय, तिला विचारायला काय झालं होतं? आणि समजा गृहिणीच असते. तिचा अंगठा काय फुकटचा आला होता? ती खाली वाकत नाही?"

डॉक्टरांच्या मिशा हलल्या. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते टेबलाच्या मागून बाहेर आले, गुडघे कुरकुरत असताना तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं. तशाच बसा. मला बघू दे."

त्यांनी अंगठा हातात घेतला. वाकलेला बघितला, मग तिला खुर्चीवर बसवून वर उचलून बघितला, बाजूला दाबून बघितला, कुठे दुखतं, किती दुखतं, सगळं तिलाच विचारलं. लेक दारात उभी होती. तिला कुणी आत बोलावलं नाही आणि बाहेरही पाठवलं नाही.

"तक्ता आण तो," मिस्त्री तिला म्हणाली, मान न वळवता.

लेकीने पिशवीतून तक्ता काढला. मिस्त्रीने खिशातली चपटी जाड पेन्सिल घेतली, जिने ती फरशीवर कापायच्या खुणा करायची, आणि सगळ्यात खाली एक नवी ओळ आखली. पट्टीशिवाय, पण सरळ. तिच्यात लिहिलं: चवड्यांवर बसता येईल का? मग पेन्सिल डॉक्टरांपुढे ठेवली.

"भरा."

डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि शाळेतल्या मुलासारखे मान खाली घालून ते लिहायला लागले. बोलतही होते. "नुसती गाठ तासली, तर बसाल. पण हाड तिरपं आहे ते तिरपंच राहील आणि गाठ परत येईल. छिद्रांतून करणं चांगलं आहे, पण तुमचा अंगठा बराच फिरलाय. मी ते या पायाला करणार नाही. छेद घेऊन हाड कापायचं, सरळ सरकवायचं, दोन स्क्रू. सांधा तसाच ठेवायचा. मग बहुतेक बसाल."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे वाकेल, पण आत्ता वाकतो तेवढा वाकेलच असं वचन मी देत नाही. रोज व्यायाम करून तो वाकवावा लागेल, दुखेल. आणि सांधा झिजलेला आहे, हे खोटं नाही. पाच वर्षांनी, सात वर्षांनी पुन्हा दुखायला लागला तर तेव्हा जोडावाच लागेल. म्हणून मी एकदाच करू म्हणत होतो."

"तेव्हाचं तेव्हा," मिस्त्री म्हणाली. "पाच वर्षांत किती घरं होतात, ठाऊक आहे? आणि कामावर कधी?"

"फरशीवर? चार महिने तरी नाही."

"तीन म्हणून सांगितलंय मी लोकांना."

"मग लोकांना विचारायला हवं होतं, की त्यांनी तुमचा पाय बघितलाय का," डॉक्टर म्हणाले. तिला हसू आलं. तिने ते लपवलं, कारण दारात लेक होती.

जाता जाता ती थांबली. "दाराजवळची तिसरी फरशी पोकळ आहे. खाली माल भरलेला नाही. एक दिवस कुणाची तरी कुबडी तिच्यात जाईल."

पुढचे दहा दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. जेवायला ये. पाणी गेलंय. दिवा बंद कर. लेक दोनदा काहीतरी म्हणायला आली आणि मिस्त्रीने दोन्ही वेळा कपड्यांच्या घड्या करायला घेतल्या. लेकीने माफी मागितली असती तर तिने माफ केलंही असतं कदाचित, पण लगेच नाही. बावीस वर्षांचं काम होतं ते, एका दुपारी उखडून निघणारं नव्हतं. लेकीने एका संध्याकाळी पाण्याचं घमेलं आणून पायाशी ठेवलं आणि काही न बोलता गेली. मिस्त्रीने पाय घातले. पाणी बरोबर तिला लागतं तेवढंच गरम होतं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी त्या दोघी मजल्यावरच्या बाकावर बसल्या होत्या. आजूबाजूला आणखी पाच-सहा माणसं, कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा. मिस्त्रीने रुग्णालयाचा ढगळ झगा घातला होता, पायांत मात्र तेच भोकाचे बूट. आतून एक परिचारिका फायलींचा गठ्ठा घेऊन आली. घाई होती आणि त्यात एक अडचण निघाली: एकाच आडनावाच्या दोन फायली, दोन्ही उजवा पाय, दोन्ही आजच.

"थांबा, घोटाळा नको," ती म्हणाली आणि पानं चाळायला लागली. "यातली एक गृहिणी आहे, घोट्याची. आणि दुसरी... फरशी मिस्त्री. अंगठा." तिने मान वर केली, बाकावरून नजर फिरवली, मिस्त्रीच्या खांद्यावरून पलीकडे नेली आणि कोपऱ्यात पेंगणाऱ्या, रंगाचे डाग पडलेल्या हातांच्या म्हाताऱ्यावर थांबवली. "मिस्त्री कुठे आहेत? तुम्ही का, आजोबा?"

मिस्त्रीला तीस वर्षांची चाल लागलेलं वाक्य ओठांवर आलं. तिने तोंडही उघडलं.

पण लेक आधीच उठून उभी राहिली होती. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "मिस्त्री ही आहे. माझी आई."

सगळ्यांनी वळून बघितलं. परिचारिकेने झग्यातल्या बाईकडे बघितलं, मग फाइलकडे, मग पुन्हा बाईकडे. मिस्त्रीने फाइलचं पान बघायला हात पुढे केला. व्यवसायाच्या रकान्यात जुना शब्द खोडला नव्हता, त्यावर पांढरं लावून तो झाकलाही नव्हता. एकच आडवी रेघ मारली होती, अशी की खालचं वाचता यावं, आणि शेजारी लिहिलं होतं: फरशी मिस्त्री. रेघेपाशी लेकीने स्वतःची सही केली होती, तारखेसह. तारीख त्याच दिवसाची होती, ज्या दिवशी चहा बाकावर राहिला.

राग गेला नव्हता. जाईल की नाही, तेही तिला ठाऊक नव्हतं. पण त्या रेघेवरून तिने एकदा बोट फिरवलं. तिने खाली वाकून बूट काढले आणि लेकीच्या हातात दिले.

"चार महिन्यांनी लागतील," ती म्हणाली. "टाकून देऊ नकोस."

लेकीने बूट दोन्ही हातांनी धरले. तिच्या ऑफिसच्या सदऱ्यावर सिमेंट सांडलं, ते तिने झटकलं नाही.